निसर्गाचे अभौतिक लाभ : यादीतील शेवटची ओळ

‘झाडांचे उपयोग लिहा’ हा प्रश्न मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी सोडवलेला असतो. उत्तरही सर्वांचे जवळपास सारखेच असते. झाडे प्राणवायू देतात, फळे-फुले देतात, लाकूड देतात, औषधे देतात, जमिनीची धूप थांबवतात, पाऊस आणतात. (हे शेवटचे विधान जितक्या सहजपणे लिहिले जाते तितके ते सरळ नाही, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) एवढे लिहून कागदावर जागा उरलीच, तर मुले लिहितात, ‘झाडांमुळे मन प्रसन्न होते.’ तपासणारे शिक्षक या ओळीला अर्धा गुण देतात किंवा देत नाहीत. आम्हीही एके काळी उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. आम्ही दिला नव्हता.

काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयाच्या एका शाळेत नव्या वर्गखोल्यांसाठी आवारातील चिंचेचे जुने झाड तोडायचे ठरले. काही शिक्षकांचा विरोध होता, म्हणून बैठक बोलावली गेली आणि ‘शास्त्रज्ञ’ या नात्याने आम्हालाही बोलावणे आले. बैठकीत तीच शालेय यादी कामाला आली, पण उलट्या बाजूने. सावली हवी? नव्या इमारतीला रुंद व्हरांडा आहे. प्राणवायू? कुंपणालगत दहा रोपे लावू. चिंचा? शाळा काही चिंचांचा व्यापार करत नाही. यादीतील एकेक ओळ अशी भरपाई होऊन खोडली गेली. मग एका शिक्षिकेने धीर करून म्हटले, ‘मुलांना त्या झाडाखाली बरे वाटते.’ त्यावर समितीतील एक सद्गृहस्थ म्हणाले, ‘बाई, हे कशावरून?’

सर्वांच्या नजरा आमच्याकडे वळल्या. आम्ही अमेरिकेतील एका रुग्णालयात झालेले संशोधन सांगितले. खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण लवकर बरे होतात, हे शास्त्राने सिद्ध झाले आहे, असे आम्ही ठासून म्हटल्याचे आठवते. समितीने ते आदराने ऐकून घेतले. ‘मग व्हरांड्यात निसर्गाचे एक मोठे चित्र लावू,’ असे त्याच गृहस्थांनी सुचवले आणि बैठक संपली. पुढच्या महिन्यात झाड गेले.

त्या गृहस्थांचा आम्हाला तेव्हा राग आला होता. आता वाटते, ‘हे कशावरून?’ हा त्या बैठकीतील सर्वांत शास्त्रीय प्रश्न होता आणि त्याचे आमचे उत्तर कच्चे होते. ते कोठे कच्चे होते, हे या लेखात तपासायचे आहे.

आधी एका शब्दप्रयोगाची ओळख करून घेऊ. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने २००१ ते २००५ या काळात जगभरच्या तेराशेहून अधिक तज्ज्ञांनी पृथ्वीवरील परिसंस्थांची पाहणी केली. ‘मिलेनियम इकोसिस्टिम असेसमेंट’ हे तिचे नाव. त्या अहवालात परिसंस्थांपासून माणसाला मिळणाऱ्या ‘सेवा’ चार गटांत मांडल्या आहेत. पहिला गट अन्न, पाणी, लाकूड अशा वस्तूंचा. दुसरा हवामान, पूर, रोग यांवरील नियंत्रणाचा. तिसरा या सर्वांना आधार देणाऱ्या मातीची घडण, पोषकद्रव्यांचे चक्र अशा प्रक्रियांचा. चौथ्या गटाला ‘सांस्कृतिक सेवा’ म्हटले आहे; त्यात सौंदर्याचा आनंद, विरंगुळा, आध्यात्मिक अनुभव, ज्ञान, प्रेरणा हे अभौतिक लाभ येतात. म्हणजे शालेय उत्तरातील ‘मन प्रसन्न होते’ ही ओळ आंतरराष्ट्रीय अहवालातही आहे, आणि तेथेही ती सहसा शेवटी येते.

शेवटी येण्याचे कारण सरळ आहे. धान्याचे पोते वजन करता येते, धरणात साठलेला गाळ मोजता येतो. मन किती प्रसन्न झाले, हे कोणत्या मापाने मोजायचे? १९९७ मध्ये रॉबर्ट कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी जगातील सर्व परिसंस्थांच्या सेवांची वार्षिक किंमत सुमारे ३३ लाख कोटी डॉलर काढली. त्यात विरंगुळा आणि संस्कृती यांचेही रकाने होते. हा आकडा म्हणजे अनंताचा काढलेला फारच कमी अंदाज आहे, अशा आशयाचा शेरा पुढच्याच वर्षी मायकेल टोमन या अर्थशास्त्रज्ञाने मारला. किमतीचा वाद आपण येथेच सोडू. आपला प्रश्न त्याआधीचा आहे. असा काही लाभ होतो, हेच मुळात कशावरून?

दोन पानांचा निबंध

आम्ही बैठकीत सांगितलेले संशोधन रॉजर उलरिच यांचे. ‘सायन्स’ या नियतकालिकात एप्रिल १९८४ मध्ये ते अवघ्या दोन पानांत प्रसिद्ध झाले. या विषयावर सर्वाधिक उल्लेख होणाऱ्या लेखांपैकी तो एक आहे आणि सर्वांत कमी काळजीपूर्वक वाचल्या जाणाऱ्यांपैकीही असावा. तो नीट वाचण्यासारखा आहे. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना प्रयोगाची रचना शिकवायला याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

पेनसिल्व्हानियातील एका उपनगरी रुग्णालयात दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर खोल्यांची एक रांग होती. सर्व खोल्या मापाने, मांडणीने सारख्या. प्रत्येकीला पलंगावरून बाहेरचे दिसेल अशी एक खिडकी. फरक एवढाच, की काही खिडक्यांतून पानझडी झाडांचा एक लहान समूह दिसे आणि इतर खिडक्यांसमोर तपकिरी विटांची भिंत होती. रुग्णांना खोल्या निवडायची मुभा नव्हती. जी रिकामी होईल ती मिळे. उलरिच यांनी १९७२ ते १९८१ या काळातील पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचे कागद घेतले, तेही फक्त मे ते ऑक्टोबरमधले, कारण त्यानंतर त्या झाडांवर पानेच नसतात. वीस वर्षांखालचे, एकोणसत्तरच्या वरचे आणि गंभीर गुंतागुंत झालेले रुग्ण वगळले. मग जोड्या लावल्या. झाडे दिसणारा एक रुग्ण आणि भिंत दिसणारा एक. दोघांचे लिंग तेच, वय जवळपास तेच, धूम्रपानाची सवय, स्थूलपणा, मजला अशा बाबी जुळत्या. अशा २३ जोड्या मिळाल्या. नोंदी उतरवून काढणाऱ्या परिचारिकेला कोणत्या रुग्णाच्या खिडकीतून काय दिसत होते, हे माहीत नव्हते.

निकाल असा. झाडे दिसणारे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर सरासरी ७.९६ दिवसांनी घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांनी. दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत पहिल्या गटाने तीव्र वेदनाशामके कमी घेतली, साध्या गोळ्यांवर भागवले. परिचारिकांच्या शेऱ्यांमध्ये ‘अस्वस्थ आहे, रडत आहे, धीर द्यावा लागतो’ अशा प्रकारच्या प्रतिकूल नोंदी पहिल्या गटात माणशी १.१३ होत्या, दुसऱ्यात ३.९६. किरकोळ तक्रारींमध्ये मात्र, म्हणजे डोकेदुखी, मळमळ यांमध्ये, सांख्यिकीच्या दृष्टीने ठरावा असा फरक मिळाला नाही.

काम नेटके आहे, यात शंका नाही. पण आम्ही बैठकीत त्यावर जो डोलारा उभा केला तो त्याला पेलणारा नाही. पहिली गोष्ट, एकूण रुग्ण ४६. दिवसांतील फरक सुमारे अठरा तासांचा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. येथे तुलना झाडे आणि भिंत यांची आहे. झाडे आणि ‘काहीच नाही’ यांची नाही. मग झाडांमुळे रुग्ण लवकर बरे झाले की भिंतीमुळे उशिरा? दोन्ही वाक्ये या आकड्यांशी सारखीच जुळतात. तिसरी खिडकी असती, तिच्यातून बाजारपेठ, खेळणारी मुले, ये-जा करणाऱ्या बसगाड्या दिसत असत्या, तर काहीतरी सांगता आले असते. ही शंका आमची नाही. उलरिच यांनीच ती शेवटच्या परिच्छेदांत लिहून ठेवली आहे. समोरची भिंत एकसुरी होती, तेव्हा हा निष्कर्ष शहरातील सर्वच दृश्यांना लावू नये, असे ते बजावतात. दीर्घकाळ पडून राहून कंटाळलेल्या रुग्णाला गजबजलेला रस्ता कदाचित झाडांहून अधिक उपकारक ठरेल, अशीही शक्यता नोंदवतात. ज्याने संशोधन केले तो इतका सावध आणि त्याचा दाखला देणारे आमच्यासारखे लोक ठासून बोलणारे, अशी ही गंमत आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. त्या काळी पित्ताशयासाठी पोट उघडावे लागे, म्हणून आठवडाभराचा मुक्काम. आज दुर्बिणीने ही शस्त्रक्रिया होते आणि बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात. त्यामुळे ज्या मापाने १९८४ मध्ये झाडांचा परिणाम पकडला गेला, ते माप आता तसेच वापरता येणार नाही.

दोन तासांची मात्रा

त्यानंतर या विषयावर संशोधनाचा पूर आला आहे. सर्वांचा परामर्श येथे घेणे शक्य नाही. दोन नमुने पुरेत.

२०१९ मध्ये मॅथ्यू व्हाइट आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील १९,८०६ लोकांच्या मुलाखतींवर आधारलेला लेख प्रसिद्ध केला. गेल्या आठवड्यात किती वेळ निसर्गात घालवला आणि तब्येत व समाधान कसे आहे, असे विचारले होते. आठवड्यात १२० मिनिटे किंवा अधिक वेळ निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली प्रकृती चांगली असल्याचे, आपण समाधानी असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. त्याहून कमी वेळ घालवणारे आणि अजिबात न जाणारे यांत विशेष फरक नव्हता. वृत्तपत्रांनी याचे लगेच औषधाच्या मात्रेत रूपांतर केले : आठवड्याला दोन तास निसर्ग!

वर्गात हा निष्कर्ष फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना विचारावे, ‘यात काय खटकते?’ चांगल्या वर्गात पाच मिनिटांत उत्तर येते : ज्याचे गुडघे दुखतात तो टेकडीवर जाणारच नाही. म्हणजे फिरण्याने तब्येत सुधारली की तब्येत चांगली म्हणून फिरणे झाले, हे एकाच वेळी घेतलेल्या मुलाखतींतून कळत नाही. लेखकांना हे ठाऊक होते. दीर्घ आजार असलेल्यांमध्येही तोच कल दिसतो, हे त्यांनी तपासून दाखवले. त्याने शंका थोडी कमी होते, जात नाही. शिवाय दोन्ही माहिती त्याच माणसाने स्वतः सांगितलेली. सकाळी फिरून आलेला मनुष्य ‘मी ठणठणीत आहे’ असे जरा जोरातच सांगतो, हा अनुभव कोणाला नाही?

दुसरा नमुना २०२२ मधला. टोकियो विद्यापीठातील एका गटाने, लाम थी माई हुइन्ह ही त्यातील पहिली लेखिका, निसर्गाच्या अभौतिक लाभांवरील ३०१ शोधनिबंध एकत्र वाचून ‘सायन्स अॅडव्हान्सेस’मध्ये त्यांचा आढावा मांडला. विरंगुळा, सौंदर्य, अध्यात्म यांसारखी एकेक सेवा आणि आरोग्य, सामाजिक संबंध, सुरक्षितता यांसारखे कल्याणाचे एकेक अंग अशा जोडण्या शोधल्या, तर २२७ मिळाल्या. त्या जोडण्या ज्या मार्गांनी घडतात असे १६ मार्ग त्यांनी वेगळे केले. थकलेल्या मनाला विसावा मिळणे हा एक मार्ग, माणसे एकत्र येणे हा दुसरा. उलट परिणामही त्यांनी टाळले नाहीत. निसर्गाची भीती वाटते, त्याचा त्रास होतो, आवडते ठिकाण उद्ध्वस्त झालेले पाहून माणूस खचतो, हेही त्यांच्या नकाशावर आहे. ‘मन प्रसन्न होते’ या एका ओळीचे इतके काळजीपूर्वक पृथक्करण आमच्या पाहण्यात नाही. विषयाची ओळख करून घ्यायची असेल तर येथून सुरुवात करावी, असे आम्ही मनापासून सांगू.

तरीही हा आढावा वाचताना एक भान हवे. जोडण्यांची संख्या म्हणजे परिणामाची तीव्रता नव्हे. ‘विरंगुळा आणि आरोग्य’ या जोडणीवर ढीगभर निबंध असतील, तर त्यावरून फार तर एवढेच कळते, की संशोधकांनी ती जोडणी पुष्कळदा पाहिली. बागेच्या फाटकाशी उभे राहून येणाऱ्यांना प्रश्नावली देणे सोपे असते. ज्या नात्यासाठी गावात दोन वर्षे राहावे लागते ते नाते नकाशावर बारीक रेघेने उमटते किंवा उमटतच नाही. रस्त्यावरच्या दिव्याखाली हरवलेली किल्ली शोधणाऱ्याची गोष्ट आपल्याला माहीत आहेच.

आता व्हरांड्यातील चित्राकडे वळू, कारण त्या गृहस्थांच्या सूचनेचीही प्रत्यक्ष परीक्षा झालेली आहे. २००८ मध्ये पीटर कान आणि सहकाऱ्यांनी एका कार्यालयी खोलीत ९० जणांना बसवले. काहींच्या समोर काचेची खिडकी आणि बाहेर झाडी. काहींच्या समोर त्याच दृश्याचे थेट चित्र दाखवणारा मोठा प्लाझ्मा पडदा. काहींच्या समोर कोरी भिंत. त्यांना थोडा ताण येईल अशी कामे दिली आणि नंतर हृदयाचे ठोके किती लवकर पूर्ववत होतात, ते मोजले. खऱ्या खिडकीसमोर ते लवकर उतरले. पडदा आणि कोरी भिंत यांत फरक आढळला नाही.

हा लेख आम्हाला बैठकीआधी ठाऊक असता तर आम्ही विजयी मुद्रेने पुढे केला असता. त्या दिवशी वाद जिंकलाही असता. पण तेथेच एक खड्डा आहे. प्लाझ्मा पडदे आता दुकानांतून नाहीसे झाले. त्याहून कितीतरी सुस्पष्ट पडदे आले, डोक्यावर चढवायचे चष्मे आले. उद्या एखादा पडदा त्या परीक्षेत खिडकीच्या बरोबरीला आला तर? झाड ठेवायचे कारण ‘ठोके लवकर उतरतात’ एवढेच असेल, तर ठोके उतरवणारी दुसरी वस्तू येताच ते कारण संपते. ज्या मापाने आपण झाडाची बाजू मांडतो त्याच मापाने त्याला पर्यायही मांडला जातो. भरपाईची दहा रोपे आणि व्हरांड्यातले चित्र ही एकाच विचारपद्धतीची अपत्ये आहेत, आणि आमचे रुग्णालयही त्याच घरातले होते.

देवराई कोणत्या रकान्यात?

आपल्या घराजवळ एक असे उदाहरण आहे, की ज्याला अभौतिक संबंधाचा जगातील उत्तम नमुना म्हणून पुष्कळदा पुढे केले जाते. ते म्हणजे सह्याद्री आणि कोकणातील देवराया. १९७० च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९७६ मध्ये ‘इकॉनॉमिक बॉटनी’ या नियतकालिकात तो मांडला. देवाच्या नावाने राखलेले रान. त्यातील काटकीही तोडायची नाही, काही ठिकाणी पडलेला पालाही उचलायचा नाही. आजूबाजूचा डोंगर उघडा झाला तरी मध्ये हा हिरवा ठिपका शाबूत. आत गारंबीच्या मांडीएवढ्या वेली, जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाचे घरटे.

आंतरराष्ट्रीय यादी हाती घेऊन येणारा अभ्यासक हिला कोणत्या रकान्यात टाकेल? ‘आध्यात्मिक सेवा’ हा रकाना तयारच आहे. पण त्या काळची एक हकीगत ऐका. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावची देवराई तोडली जाणार होती, तेव्हा तेथील लोकांनी या अभ्यासकांची मदत मागितली. त्यांचे म्हणणे काय होते? देवीचा कोप होईल, एवढेच नव्हे. त्यांचे म्हणणे होते, की आमच्या ओढ्याच्या उगमाकडे एवढेच रान शिल्लक आहे. ते गेले तर पाणी आटेल. म्हणजे अहवालाच्या भाषेत बोलायचे तर लोक पहिल्या दोन गटांतील सेवेबद्दल बोलत होते आणि तिचे रक्षण चौथ्या गटाने केले होते. त्यांच्या लेखी असे गट नव्हतेच. देवी, ओढा आणि रान ही एकच गोष्ट होती. भौतिक आणि अभौतिक अशी फाळणी आपल्या कागदावर आहे.

याहून अवघड गोष्ट पुढे आहे. आपण देवराईच्या तोंडाशी प्रश्नावली घेऊन उभे राहिलो आणि विचारले, ‘येथे आल्यावर आपल्याला किती प्रसन्न वाटते? एक ते पाच यांपैकी अंक सांगा,’ तर काय उत्तर येईल? शहरातून आलेला निसर्गप्रेमी पाच सांगेल. गावातला म्हातारा कदाचित दोनच सांगेल, किंवा गप्प बसेल. तो तेथे प्रसन्न व्हायला जात नाही. कामाशिवाय जातच नाही. गेला तर चपला बाहेर काढतो, आवाज खाली आणतो, आणि झाडाला हात लावायची वेळ आली तर गुरवाकरवी कौल घेतल्याशिवाय लावत नाही. त्याच्या मनात धाक आहे. आपल्या मापाने त्याला ‘लाभ’ कमी आणि पर्यटकाला जास्त. पण रान कोणामुळे टिकले?

उलट बाजूही पाहू. गेल्या काही दशकांत अनेक गावांत भक्ती वाढली आहे. मुंबईला गेलेल्या मंडळींकडून वर्गणी येते, उघड्यावरच्या तांदळ्यावर छप्पर येते, मग जीर्णोद्धार, सिमेंटचा सभामंडप, फरशी, गाड्यांसाठी रस्ता. खर्चासाठी कोठे कोठे देवराईतलीच झाडे विकली गेली. जत्रेला गर्दी आधीपेक्षा जास्त असते. ‘आध्यात्मिक समाधान’ हा रकाना येथे भरून वाहील, माणसे एकत्र येण्याचाही. रान मात्र तेवढेच कमी झालेले असते. अभौतिक लाभ वाढला आणि निसर्ग घटला, असे घडू शकते. लाभालाच निसर्गरक्षणाचे प्रमाण मानणाऱ्यांनी या शक्यतेचा पुरेसा विचार केलेला आम्हाला दिसत नाही.

आणि देवराईचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकून ठेवू नये. अनेक ठिकाणी पाळीच्या दिवसांत बायकांना त्या वाटेने जाण्याची बंदी असे, काही ठिकाणी ती अजून आहे. ‘समाजाला मिळणारा लाभ’ असे लिहिताना त्या समाजात कोण मोजले जाते, हा प्रश्न देवराईत जितका खरा तितकाच महानगरातील तिकीट लावलेल्या बागेतही.

या अडचणी जाणकारांच्या ध्यानात आलेल्या नाहीत असे नाही. काई चॅन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ‘संबंधमूल्य’ अशी कल्पना मांडली. निसर्ग माणसाच्या उपयोगाचा म्हणून मोलाचा, किंवा माणूस नसता तरी स्वतःपुरता मोलाचा, या दोन टोकांच्या मधे तिसरे काही असते : माझे या ओढ्याशी नाते आहे, त्यात माझ्यावर काही जबाबदारी आहे, म्हणून तो मोलाचा. आईचे उपयोग लिहा, असा प्रश्न आपण परीक्षेत विचारत नाही. या कल्पनेने भाषा सुधारली हे खरे. पण नाते मोजायचे कसे, हा प्रश्न शिल्लकच राहतो, आणि बैठकीतला गृहस्थ ‘हे कशावरून?’ असे विचारायचा थांबत नाही. त्याने थांबूही नये.

चिंच तोडल्यानंतर वर्षभराने त्याच शिक्षिका आम्हाला भेटल्या. त्या सांगत होत्या, पूर्वी मधल्या सुट्टीत सगळ्या इयत्तांची मुले झाडाखाली मिसळून डबा खात. आता आपापल्या वर्गासमोर व्हरांड्यात बसतात, सहावी सहावीपाशी आणि आठवी आठवीपाशी. भांडणे वाढली आहेत असेही त्यांना वाटत होते. आम्ही विचारले, ‘आधी किती होत होती?’ त्या हसल्या. आधीची नोंद कोणाकडेच नव्हती. पेनसिल्व्हानियातील त्या रुग्णालयाची आठवण आम्हाला तेव्हा पुन्हा झाली. खिडकी आणि झाडे तेथे होतीच; पण उलरिच यांचे काम उभे राहिले ते परिचारिकांच्या साध्या दैनंदिन शेऱ्यांवर. खिडकीचा अभ्यास कोणी करील, अशी कल्पनाही नसताना नऊ वर्षे त्या लिहीत होत्या.

त्या शाळेच्या दुसऱ्या कोपऱ्यात एक कडुनिंब आहे. सायकलींचे छप्पर वाढवायचे झाले तर त्याचीही पाळी येईल. बाईंनी सातवीच्या मुलांना एक शंभरपानी वही दिली आहे. तारीख, वेळ, कोण, किती वेळ, काय करत होते असे पाच रकाने. ‘कसे वाटले?’ हा रकाना मुद्दामच ठेवलेला नाही. मुले पाळीपाळीने लिहितात. गेल्या भेटीत आम्ही ती चाळली. बहुतेक नोंदी डबा, पकडापकडी आणि गृहपाठ उतरवणे यांच्या आहेत. एकदा शिपाईमामा पंधरा मिनिटे झोपल्याचे आहे. पाचवीतल्या एका नव्या मुलाच्या नोंदी मात्र सलग नऊ दिवसांच्या आहेत : मधली सुट्टी, एकटा, घंटा होईपर्यंत, नुसता बसला होता. दहाव्या दिवशी ‘कोण’ या रकान्यात दोन नावे आहेत. मधे काय घडले ते वहीत नाही. ‘काय करत होते’ याखाली लिहिले आहे, ‘निंबोळ्या मोजत होते.’